हा एवढा मला दे

बेतिओ, तारावा
३ मे १९८४

तेकारेई,

मी तोआतु. तू मला बघितलेलं नाहीस, मीही तुला नाही. पण तुझी आजी आणि माझी आजी सख्ख्या बहिणी. तुझी आजी लग्न होऊन बानाबा बेटावर गेली. लढाई संपल्यावर इंग्रजांनी बानाबाची माणसं बोटीत घालून फिजीतल्या राबी बेटावर नेऊन टाकली, त्यात तीही गेली. म्हणून आपण भाऊ, पण माझा देश किरिबाती आणि तुझा फिजी.

काल रेडिओवर फिजीच्या फुटबॉल टीमची नावं सांगितली. तुझं नाव ऐकून आई हातातला मासा तसाच टाकून बाहेर आली. "अगंबाई, हा तर आपला!" म्हणाली. तिला आनंद झाला आणि मी रेडिओ बंद केला. जुलैत सुवाला बेटांचा चषक आहे, आमची पहिली मॅच तुमच्याशी आहे, आणि आमचा गोलकीपर मी आहे.

हसू नकोस. मागच्या वेळी तुम्ही आमच्यावर इतके गोल चढवलेत की आमच्या रेडिओवाल्याने आकडा सांगायचं सोडून मध्येच चर्चची गाणी लावली. तेव्हापासून इथे कुणी होडी भरून मासे आणले की लोक विचारतात, "काय रे, फिजीने घातले का?" ऐकून ऐकून कान किटले. यंदा जिंकायचं नावही कुणी काढत नाही. शून्य-शून्य, एवढंच मागणं आहे. एकदा फिजीच्या बरोबरीने मैदानातून बाहेर यायचं.

मी धक्क्यावर खोबऱ्याची पोती झेलतो. वरून फेकलेलं पोतं माझ्या हातून सुटत नाही, मग बॉल कसा सुटेल? फक्त गवताचं काय ते सांग. आमचं बैरिकीचं मैदान वाळूचं, आम्ही अनवाणी खेळतो. तुमच्याकडे म्हणे हिरव्यागार गवतावर बूट घालून चढतात. आम्हाला ते बसायच्या चटईवर बूट घालून गेल्यासारखं वाटणार.

आजीला सांग, आईने आठवण काढली आहे.

तोआतु


सुवा
२२ मे १९८४

तोआतुदादा,

तुझं पत्र मी टायरच्या दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. मालक म्हणतो, "गोलमध्ये तुझाच भाऊ? मग काय, घरचंच कार्य!" मी म्हटलं, भाऊ धक्क्यावर पोती झेलतो, त्याला कमी समजू नका.

माझी भाषा आजीकडून शिकलेली, तीही अर्धीमुर्धी. शाळा सुवात झाली, त्यामुळे चुकलं तर हसून घे. आजी राबीवरच असते. तिला तुझं कळवलं तर तिने उलट निरोप पाठवला, "त्याच्या अंगावर जोरात बॉल मारू नकोस." आता बोला!

गवताचं एवढं मनावर घेऊ नकोस, सकाळी ओलं असतं तेव्हा घसरतं, बाकी काही नाही. पण शून्य-शून्य? दादा, स्वप्नं बघायला कुणाची परवानगी लागत नाही म्हणून काय काहीही बघायचं? मला एक गोल तरी घालू दे. मी टीममध्ये नवा आहे, मोठ्या मुश्किलीने घेतलंय मला. रिकाम्या हाताने आलो तर पुढच्या वेळी बाकावर बसून पाणी वाटायचं काम.

आणि हो, बुबुती! (आजीचा मागायचा शब्द, बरोबर ना?) येताना केवड्याच्या पानांची एक चटई आण, खरी, तिकडची. भिंतीवर लावेन म्हणतो, दोस्तांना दाखवायला.

तुझा तेकारेई


बेतिओ
९ जून १९८४

तेकारेई,

चटई गुंडाळून ठेवली आहे, घेऊन येतो. नवी आहे, चांगली आहे. डिसेंबरात माझ्या बहिणीचं लग्न आहे, तोवर दुसरी होईल. आई आणि ती कालपासून पानं उकळायला बसल्या आहेत.

आम्हाला प्रत्येकाला बूट दिले. माझे मोठे आहेत, पुढे नारळाचा काथ्या कोंबतो.

तोआतु


सुवा
४ ऑगस्ट १९८४

दादा,

राग गेला का रे? मॅच संपल्यावर तू माझा हात हातात घेतलास आणि एक शब्द न बोलता गेलास. मी तुमच्या उतरायच्या जागी दोनदा येऊन गेलो, तर तुमची माणसं म्हणाली, झोपलाय. भरदुपारी?

खरं सांगू, तू भिंत होतास. आमच्या टीमने काय काय मारलं तुझ्यावर, आणि तू सगळं पोटाशी धरलंस. आमचे कोच बाहेर डोक्याला हात लावून बसले होते. सगळं स्टेडियम तुमच्या बाजूने ओरडायला लागलं, फिजीतलं स्टेडियम! शून्य-शून्य होतंय असं मलाही वाटलं. मग ती शेवटची पेनल्टी. मलाच मारायला सांगितली, कारण बाकी कुणाची छाती होईना.

बॉल ठेवायला पुढे आलो तेव्हा तुझी थोडी चेष्टा केली, तर तू असा चेहरा केलास की वाटलं हा आता मला गिळणार. आणि मारला तो काय, पाय घसरला, बॉल आपला लोळत लोळत निघाला. आजीनेही पायाने थांबवला असता! आणि तू तिसरीकडेच उडी मारलीस. फसलास की नाही? इथे सगळे म्हणतात, तेकारेईने मुद्दाम हळू मारला, काय डोकं आहे. मी कशाला नाही म्हणू?

पेपरात फोटो आला. आजीने तो चर्चमध्ये सगळ्यांना दाखवला. चटई भिंतीवर आहे, झकास दिसते.

एकच गोल रे, दादा. एवढं काय त्यात. मागच्या मानाने तर तुम्ही जिंकलातच.

तुझा तेकारेई


बेतिओ
२३ ऑगस्ट १९८४

तेकारेई,

तू म्हणतोस तेच इथे सगळे म्हणतात. एकच गोल, म्हणजे आम्ही जिंकलोच.

विमानातून उतरलो तर धावपट्टीच्या कडेला माणसंच माणसं. मला खांद्यावर घेतलं. गावाच्या मनेआबात, सभेच्या मोठ्या छपराखाली नेऊन म्हाताऱ्यांच्या रांगेत, पुढच्या चटईवर बसवलं. माझे वडील अजून त्या रांगेत बसत नाहीत. डोक्यावर फुलांची माळ घातली, मानेला पावडर फासली, अत्तर फवारलं. बायका नाचल्या. माझ्या नावाचं गाणं केलंय, त्यात मी शार्कच्या तोंडातून बॉल काढतो. पानात डुकराचं मटण, बाबाईचा कंद, सगळं माझ्यासमोर आधी. मी पान पुढे सरकवलं. आई म्हणाली, "दमलाय पोर." मी मान खाली घातली तर म्हणाले, बघा, किती विनयशील आहे.

मला लाज वाटते, तेकारेई. चालताना वाटते, धक्क्यावर पोतं झेलताना वाटते. लहान पोरं वाळूत गोल मांडून "मी तोआतु, मी तोआतु" म्हणत भांडतात, तेव्हा मी दुसऱ्या वाटेने घरी जातो.

तू मागितलंस, मी दिलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तसं असतं तर मी तुझा भाऊ कसला. पण दिलेल्या वस्तूची अशी थट्टा करू नये. "फसलास की नाही" असं तू मला का लिहिलंस? लोकांना काय सांगायचं ते सांग. मला तरी असं लिहू नकोस.

तोआतु


सुवा
१० सप्टेंबर १९८४

दादा,

तुझं पत्र वाचलं आणि मला काहीच कळेना. मी काय मागितलं? तू काय दिलंस? पुन्हा पुन्हा वाचलं. मग दुकानात एक टायर उचलताना एकदम आठवलं आणि टायर पायावर पडला. पडला ते बरंच झालं.

बॉल ठेवायला पुढे आलो तेव्हा मी म्हणालो होतो, "दादा, बुबुती. हा एवढा मला दे."

देवाशपथ, दादा, ती चेष्टा होती! आम्ही सुवातली पोरं बसवाल्याला थांब म्हणताना बुबुती म्हणतो. मीठ मागताना म्हणतो. शब्द तेवढा घरातून आला, बाकी काही आलंच नाही. आणि तू... तो लोळत आलेला बॉल...

मी बोट पकडून राबीला गेलो. दुसऱ्या कुणाला विचारणार? आजी जाळं दुरुस्त करत होती. मी सगळं सांगितलं. तिने जाळं खाली ठेवलं. म्हणाली, "नातेवाईक बुबुती म्हणाला की देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. होडी मागितली तर होडी, पोर मागितलं तर पोर. नाही म्हणणाऱ्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही. म्हणून मागणाऱ्याने शंभरदा विचार करायचा. तू तो शब्द चिंचोक्यासारखा उधळलास."

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. तर म्हणाली, "आणि मागितलंस ते तरी काय? माणसाकडे त्याचं स्वतःचं मागावं. तो गोल काय त्याच्या एकट्याचा होता? सगळ्या किरिबातीचा होता तो, मेल्या!"

मग तिने विचारलं, आणखी काय काय घेतलंस त्याच्याकडून? मी चटईचं सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. ती म्हणते, नवी चटई घरात लग्नासाठीच असते. तुझ्या बहिणीची होती ना ती? तू लिहिलंही होतंस, मीच नीट वाचलं नाही. मंगळवारच्या विमानाने परत पाठवतोय, तिच्यावर कुणी बसलेलं नाही, फक्त वरच्या कोपऱ्यात खिळ्याचं भोक आहे. त्या भोकाकडे बघून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पेपरातला फोटो आजीने भिंतीवरून काढला. मी काय करू सांग. बुबुती म्हणून सांग, जे म्हणशील ते करतो.

तेकारेई


बेतिओ
१४ ऑक्टोबर १९८४

तेकारेई,

चटई पोचली. बहिणीने भोकावर रंगीत पानाचं फूल विणलं. आता ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

तुझ्या आजीचं बोलणं मला झोंबलं. तुला लागलं नसेल इतकं मला लागलं. मी इतके दिवस म्हणत होतो की मी माझं काहीतरी दिलं. माझं नव्हतंच ते.

म्हणून रविवारी चर्च सुटल्यावर मनेआबात उभा राहिलो आणि सांगून टाकलं. तो गोल मी सोडला, तो येताना मला दिसत होता, मी मुद्दाम दुसरीकडे उडी मारली, भावाने मागितला म्हणून. मला वाटलं आता दगड येतील, बरं होईल. सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने विचारलं, "भाऊ म्हणजे कुणाचा नातू?"

मी तुझ्या आजीचं नाव सांगितलं.

"हां, मग बरोबर," तो म्हणाला. "मग तू काय करणार होतास? बस खाली." सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण हसून म्हणाला, "बरं झालं, त्याने एकच मागितला." आणि चहा आला. झालं! मला शिव्याही नाही मिळाल्या.

घरी येताना बहीण माझ्या शेजारून चालत होती. म्हणाली, "दादा, तुला माफ केलं त्यांनी. पण आपण असेच सगळ्यांना सगळं देत राहिलो तर जिंकणार कधी रे?"

तू काय करू विचारतोस. मी तुझ्याकडे काही मागणार नाही. मला त्या शब्दाची भीती बसली आहे.

पुढच्या जुलैत आमच्या स्वातंत्र्यदिनाला फिजीची टीम इकडे बोलावली आहे. गोलमध्ये मीच. मी नको म्हणालो होतो, पण त्यांनी ऐकलं नाही.

तोआतु


सुवा
१८ जून १९८५

दादा,

येतोय. म्हणजे अजून तरी येतोय. नांदी गावचा एक नवा पोरगा आलाय, हरणासारखा पळतो. कोच स्पष्टच म्हणाले, "तारावात काही केलंस तर राहशील, नाहीतर टायर बरे." गेल्या वर्षीच्या त्या गोलनंतर मी एकही घातलेला नाही. जो घातला तो माझा नव्हता, म्हणजे मी एकही घातलेला नाही.

पण तू काळजी करू नकोस. मी तिथे कुणाकडे काहीही मागणार नाही. तहान लागली तरी पाणी मागणार नाही, कुणी दिलं तर पिईन. आजीने माझ्याकडून तसं वदवून घेतलंय.

वाळूवर खेळायचं कसं, तेवढं सांगशील? (ही बुबुती नाही हं. साधा प्रश्न आहे.)

तेकारेई


बेतिओ
२० जुलै १९८५

तेकारेई,

तुमचं विमान गेल्यावर मी धक्क्यावर बसलो होतो. समोरासमोर बोलायला जमलं नाही म्हणून लिहितो.

सगळं तुझ्या डोळ्यांदेखतच झालं, तरी माझ्या बाजूने कसं झालं ते ऐक. तुमची माणसं वाळूत रुतत होती, आमची नाही. शून्य-शून्य. माणसं रेषेला चिकटून, गोलच्या मागे माझी आई, बहीण, सगळ्या बायका चटया टाकून बसलेल्या. आणि पुन्हा शेवटी पेनल्टी, आणि पुन्हा तू. मला वाटलं देव माझी परीक्षा घेतोय.

तू बॉल ठेवलास. माझ्याकडे बघितलंस. आणि अगदी हळू म्हणालास, "दादा, बुबुती. हा एवढा मला दे."

माझे हात खाली आले. मग तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि समजलं. तू मला रस्ता काढून देत होतास. जो शब्द गेल्या वर्षी मला म्हणता आला नाही, तो म्हणायची संधी देत होतास. म्हणून मी म्हणालो. पण तुझ्यासारखं हळू म्हणता आलं नाही, आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होतो, केवढ्याने तरी ओरडलो. "नाही!"

चांगला मारलास तू. जमिनीलगत, कोपऱ्यात. मी बोटांनी बाहेर काढला.

आणि कुणी टाळी वाजवली नाही. तूही ऐकलंस ना ते? एवढी माणसं, आणि फक्त समुद्राचा आवाज. सगळ्यांना कळलं की भावाने मागितलं आणि मी नाही म्हणालो. मागे वळून बघितलं तर आईने चेहऱ्यावर कपडा ओढून घेतला होता. शिट्टी झाली. फिजीशी बरोबरी! ज्याची इतकी वर्षं वाट बघितली ते झालं, आणि लोक चटया गुंडाळून घरी गेले. वडील म्हणाले, "छान अडवलास," पण माझ्याकडे बघितलं नाही. या वेळी गाणं कुणी केलं नाही.

धक्क्यावरचे लोक माझ्याशी बोलतात, पण कुणी माझ्याकडे काही मागत नाही. चाकू मागत नाही, दोरी मागत नाही. मला माहीत आहे त्याचा अर्थ काय.

मला लाज वाटते, पण ही लाज मला उचलता येते. गेल्या वर्षीची येत नव्हती. बहीण तेवढी माझ्या शेजारून चालते. हे सगळं तुझ्यामुळे झालं. तू तुझी टीममधली जागा पणाला लावलीस आणि मला तो शब्द दिलास. याची परतफेड मी कशी करणार?

तुझा दादा,
तोआतु


राबी
११ ऑगस्ट १९८५

दादा,

तुझं पत्र सुवाहून फिरून इथे आलं. मी आता आजीजवळ राहतो. टीममधून काढलं मला.

तू आभार मानलेस. मी गप्प बसलो असतो तर तुझा माझ्याबद्दलचा हा चांगला समज आयुष्यभर टिकला असता. सात-आठ दिवस तसा प्रयत्न करून बघितला. जेवण जात नाही.

दादा, मी तुला रस्ता वगैरे काही काढून देत नव्हतो. पाय वाळूत रुतले होते, कोच रेषेवर हाताची घडी घालून उभे होते, तो नांदीचा पोरगा बाजूला अंग मोकळं करत होता. मला तो गोल हवा होता. म्हणून मागितला. खराखुरा मागितला. पहिल्या वेळी मला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. या वेळी माहीत होता. तुला नाही म्हणता येणार नाही हे माहीत होतं, म्हणूनच मागितला.

आणि अजून एक तुला ठाऊक नाही. त्या संध्याकाळी मावशी, तुझी आई, आम्ही उतरलो होतो तिथे आली. बाबाई, भाजलेला मासा, सगळं पानात बांधून आणलेलं. माझ्यासमोर खाली बसली, मान वर केली नाही. म्हणाली, "माझ्या पोराला माफ कर. तो असा नव्हता रे." मी तिला काही सांगितलं नाही. मासा खाल्ला. सगळा खाल्ला, दादा, काटे चोखून.

हे पत्र तिला वाचून दाखव. मनेआबातही दाखव. कुणाचा नातू म्हणून विचारतील तेव्हा आजीचं नाव सांग, तिने परवानगी दिली आहे. रडली ती, पण दिली.

तुम्ही फिजीशी बरोबरी केलीत. ती तुझ्या एका शब्दाने झाली आणि त्या शब्दाची लाज तुझ्या वाट्याला यायचं काही कारण नव्हतं. ती माझी आहे, इकडे पाठवून दे.

आता शेवटचं मागतो. अर्थ माहीत असून मागतो, शंभरदा विचार करून मागतो.

दादा, बुबुती. मी पुन्हा कधी असा समोर उभा राहिलो, तर पुन्हा "नाही" म्हण.

तेकारेई